गाडी दारात, हेड पिशवीत

दिवा स्टेशनातून पूर्वेला उतरून दिवा-शीळ रस्त्यानं निघालं की थोड्याच वेळात शिळफाटा येतो. आज या फाट्याचं नाव ऐकू येतं ते वाहतूककोंडीच्या बातम्यांत. पण वाशीचा खाडीपूल १९७३ साली खुला होईपर्यंत मुंबईहून पुण्याला मोटारीनं जायचं तर वाट इथूनच होती: कुर्ला, मुलुंड, ठाणे, कळव्याचा पूल, मुंब्रा, शीळ, पनवेल, खोपोली आणि मग बोरघाट. या एका रस्त्याच्या मुंबईकडच्या टोकाला, कुर्ल्यात, मोटारी बनवणारा कारखाना होता आणि पुण्याकडच्या टोकाला मोटारींची सत्त्वपरीक्षा घेणारा घाट. मधल्या ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात निदान तीन दशकं एक हुन्नर नांदला. तापून बसलेल्या गाडीचं हेड घरासमोरच उतरवायचं, जळलेलं हेड गॅसकेट बदलायचं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. हे काम लोक घरी करत कारण त्यांच्याकडे पैसे नव्हते, असं सर्रास सांगितलं जातं. गरिबी होतीच. पण पैसे नसलेला माणूस आजही आहे आणि तो आजच्या गाडीचं हेड अंगणात उतरवू शकत नाही. म्हणजे खरं कारण माणसाच्या खिशात शोधून भागणार नाही. ते इंजिनाच्या घडणीत होतं, ते इंजिन किती वर्षं तसंच राहिलं यात होतं, आणि हाकेच्या अंतरावर लेथ चालवणारा माणूस होता यात होतं. हा लेख त्याच म्हणण्याचा पाठपुरावा आहे.

आधी दुखणं नीट समजून घेऊ. इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खाली ब्लॉक, ज्यात पिस्टन वर-खाली होतात. आणि त्यावर झाकणासारखं बसणारं हेड, ज्यात व्हॉल्व्ह असतात. या दोघांच्या मध्ये दाबून बसवलेला पातळ पत्रा म्हणजे हेड गॅसकेट. गॅरेजच्या भाषेत ‘पॅकिंग’. जुन्या गाड्यांत ते तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये ॲसबेस्टॉस भरून केलेलं असे. त्याच्याकडून अपेक्षा मोठी. सिलिंडरमधली आग, भोवती फिरणारं पाणी आणि वर चढणारं ऑइल, हे तिन्ही एकमेकांपासून बोटभर अंतरावर असतात आणि त्यांची कधीही गाठ पडू द्यायची नसते. इंजिनावर भार असताना स्फोटाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला तीस-चाळीस किलोपर्यंत जातो. म्हणजे ६८ मिलिमीटर व्यासाच्या एका सिलिंडरच्या वरच्या भिंतीवर टनाहून जास्त जोर, तोही मिनिटाला हजारेक वेळा. गॅसकेट हे सगळं मुकाट सोसतं, जोवर हेड सपाट आहे तोवर. हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असेल तर इथेच मेख आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ४० सेंटिमीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं, तर ते आणि त्याखालचा ब्लॉक यांच्या वाढीत सुमारे ०.४ मिलिमीटरचा फरक पडतो. रोजच्या चालण्यात हा फरक धरूनच इंजिन आखलेलं असतं. पण पाणी उकळून संपलं आणि गाडी तशीच रेटली, की हेड मर्यादेबाहेर फुगतं, बोल्टांनी जखडलेलं असल्यामुळे त्याला जायला जागा नसते आणि थंड होताना ते वाकडं होऊनच बसतं. मेकॅनिक म्हणतो, ‘हेडला बेंड आलाय.’ मग गॅसकेटवरचा दाब एका जागी सुटतो, तिथून आग फुंकर मारते आणि तांबं जळतं.

बोरघाटाचा रस्ता १८३० साली तयार झाला तो बैलगाड्यांसाठी. खोपोली ते खंडाळा सुमारे ५०० मीटरची चढण काही मैलांत उरकायची. मोटार तिथे दुसऱ्या गिअरवर कण्हत चढते. इंजिन जोरात फिरत असतं, पण गाडी हळू असल्यानं रेडिएटरवर वारा येत नाही. त्यात पश्चिमेचा वारा असेल तर तो पाठीमागून येतो, गाडीबरोबरच चालतो आणि रेडिएटरला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. घाटात शिंग्रोबाच्या देवळाशी नाणं टाकायची रीत आहे; इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या धनगराची ती आठवण. त्या आसपास बॉनेट उघडून गाडी गार करत थांबणं हेही त्या प्रवासाचं एक अंगच होतं. आणि तापायला दरवेळी घाटच लागतो असं नाही. पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा असेल तर इंजिन मंद असताना तोही मंदच असतो. दिव्याच्या रेल्वे फाटकाशी उन्हात वीस मिनिटं चालू ठेवलेलं इंजिनही काटा वर नेतं. त्यातून कूलंट ही चीज त्या काळी कोणाच्या गावी नव्हती. रेडिएटरमध्ये नळाचं नाही तर विहिरीचं पाणी पडे, आणि खाडीकाठचं मचूळ पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षारांचे थर चढवतं. दुखण्याला निमित्तं होती, ती अशी.

आता औषध कुठून आलं ते पाहू. मुंबईत मोटारी जुळवण्याचं काम जुनं आहे. जनरल मोटर्सनं १९२८ मध्येच इथे जुळणीचा कारखाना घातला होता. पण त्या काळच्या रस्त्यांवर अमेरिकन, इंग्रजी, इटालियन अशा पन्नास तऱ्हेच्या गाड्या धावत. प्रत्येकीचं गॅसकेट निराळं, बोल्टाचे आटे निराळे, सुटा भाग परदेशातून येणार. असल्या गाडीची दुरुस्ती हा मोजक्या उस्तादांचा प्रांत होता. चित्र पालटलं ते १९५३ मध्ये. टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनं ठरवलं की ज्यांच्याकडे गाडी टप्प्याटप्प्यानं इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच धंदा करावा. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. उरलेल्यांत एक होती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. तिचा कारखाना कुर्ल्याला. क्रायस्लरच्या गाड्यांपासून सुरुवात करून तिनं १९५१ मध्ये फियाट ५०० आणि १९५४ मध्ये फियाट ११०० हातात घेतली. पुढच्या साडेचार दशकांत या ११०० नं नावं आणि अंगरखे बदलले: मिलिचेंतो, सुपर सिलेक्ट, डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. बॉनेटखालचं इंजिन मात्र तेच. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक. हे माप मुळात फियाटच्या १९३७ सालच्या गाडीचं! इटलीत फियाटनं १९६२ च्या सुमाराला बोअर वाढवून ते १२२१ सीसीचं केलं, आणि पुढे ते सोडूनही दिलं. आपल्याकडे ते शतक सरेपर्यंत १०८९ वरच राहिलं.

या आकड्यांचा अर्थ रस्त्यावरच्या माणसासाठी काय होता? १९६० मध्ये वीस वर्षांचा असलेला फिटर जे इंजिन शिकला, तेच इंजिन तो साठीला टेकल्यावरही उघडत होता. ज्ञान शिळं होत नव्हतं. बापानं जमवलेले पाने मुलाच्या कामी येत होते. गॅसकेटच्या दुकानदाराला साल विचारावं लागत नव्हतं. ‘फियाटचं द्या’ म्हटलं की पुरे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत काढलेल्या गाड्यांचा जो बाजार वसला, त्यातलं जुनं हेडही त्यामुळे मोडीचं राहिलं नाही. पन्नासातल्या गाडीवर नव्वदातल्या गाडीचं ज्ञान चालत होतं, हा योग यंत्रांच्या इतिहासात फार वेळा येत नाही.

आणि हे इंजिन घडणीनंच उघडायला सोपं होतं. व्हॉल्व्ह हेडमध्ये, पण त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये. मधली हालचाल पुशरॉड नावाच्या आठ बारीक दांड्या करतात. परिणाम असा की हेड उचललं तरी टायमिंगची चेन जागची हलत नाही. आजच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट हेडमध्येच बसतो आणि हेड काढायचं म्हणजे आधी टायमिंग सोडवायचं. परत बसवताना एक दाता चुकला की पिस्टन आणि व्हॉल्व्हची टक्कर होऊ शकते. जुन्या फियाटला ती धास्ती नव्हती. शिवाय हेड ॲल्युमिनियमचं, म्हणजे वाकायला हळवं पण उचलायला हलकं. ॲम्बॅसॅडरचं बिडाचं हेड सहसा वाकत नसे, पण ते घेऊन जिना चढणं दमवणारं काम. फियाटचं हेड एक माणूस गोणपाटात गुंडाळून पिशवीत घालून नेऊ शकत होता. या साध्या गोष्टीत घरच्या दुरुस्तीचं सगळं गणित आहे. टो करून गाडी गॅरेजात न्यायची गरज नाही. गाडी दारात उभी राहील, फक्त हेड रिक्षानं नाही तर लोकलनं लेथवाल्याकडे जाईल आणि संध्याकाळी सपाट होऊन परत येईल.

हा लेथवाला कुठून आला, तो इतिहासही याच पट्ट्याचा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालं आणि त्याची पहिली वसाहत ठाण्याची वागळे इस्टेट. डोंबिवली आणि अंबरनाथच्या वसाहती त्यामागून उभ्या राहिल्या. अंबरनाथला संरक्षण खात्याचा यंत्रांचा कारखाना तर आधीपासून होता. या वसाहतींच्या कडेनं छोटी वर्कशॉप वाढली: एक लेथ, एक ड्रिल, कधी एक सरफेस ग्राइंडर. कारखान्याचे सुटे भाग करता करता ती बाहेरची किरकोळ कामंही घेत, आणि हेडला ‘फेस मारून देणं’ हे त्यातलं नेमाचं काम. दुसरीकडे १९५० पासून आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना चालू झाली होती आणि १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानं कारखान्यांना शिकाऊ मुलं घ्यायला लावलं. कुर्ला, ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण ही एका लोकलमार्गावरची स्टेशनं. कारखान्यात मोजमाप शिकलेला हात आणि रस्त्यावर बंद पडलेली गाडी यांच्यातलं अंतर तिकिटापुरतं होतं. त्या काळचं दिवा म्हणजे भातखाचरं, आगरी-कोळी गावं आणि एक रेल्वे जंक्शन. तिथे वस्ती फुगली ती पुढे, स्वस्त घराच्या शोधात माणसं एकेक स्टेशन मागे सरकत गेली तेव्हा. त्या माणसांत असे हात होते.

आता प्रत्यक्ष काम जवळून पाहू, कारण माझा युक्तिवाद त्याच्या तपशिलात आहे. पहिली पायरी निदानाची. ऑइलची कांडी काढून पाहायची. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करायची. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर सिलिंडरचा दाब पाण्यात घुसतोय. धूर पांढरा आणि ओलसर असेल तर पाणी जळतंय. ही तीन चिन्हं तीन वेगळ्या जागा सांगतात. मग पाणी सोडायचं, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड काढायचे, रॉकरची दांडी सोडवायची. आठ पुशरॉड उपसून ठेवताना जुन्या पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यांवर क्रमांक घालायचे आणि ज्याची त्याला जागा द्यायची, कारण प्रत्येक दांडी आपापल्या जोडीदाराबरोबर झिजलेली असते. हेडचे नट बाहेरून आत, थोडे थोडे, फेरीनं सैल करायचे. एकच नट एका दमात सोडला तर वाकडं नसलेलं हेडही वाकेल. हेड उचललं की जळालेली जागा काळ्या ओघळासारखी दिसते. त्यानंतर हेडच्या तोंडावर सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही तिरक्या रेषांवर धरायची आणि खालून फिलर गेजचं पातळ पान सरकवून पाहायचं. पाच शतांश मिलिमीटरचं पान अडलं तर हेड ठीक. त्याहून जाड पान गेलं तर ते लेथवाल्याकडे.

लेथवाला मिळत नसेल तर आणखी एक रीत होती, आणि ती मला या साऱ्या हुन्नराचा गाभा वाटते. जाड काचेचा मोठा तुकडा सपाट फरशीवर ठेवायचा, कारण घरात मिळणाऱ्या वस्तूंत काचेइतकी सपाट दुसरी नाही. त्यावर पॉलिश पेपर पसरून थोडं रॉकेल शिंपडायचं. हेडच्या तोंडावर पेन्सिलीनं तिरक्या रेघांची जाळी काढायची आणि तोंड खाली करून, वरून जोर न देता, इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत राहायचं. दर काही मिनिटांनी उलटून पाहायचं. जिथल्या रेघा पुसल्या तो उंचवटा, जिथल्या शाबूत तो खड्डा. सगळी जाळी सारखी पुसली जाईपर्यंत घासायचं, आणि नंतर प्रत्येक भोक, प्रत्येक पाण्याची वाट धुऊन त्यातला कण न् कण काढायचा. यात दोन-तीन तास सहज जातात. मोठ्या बेंडवर हा इलाज नाही, तिथे लेथ हवाच. पण थोड्या वाकलेल्या हेडला एवढं पुरतं आणि शास्त्राच्या दृष्टीनं यात काहीही कच्चं नाही. सपाट पृष्ठभागावर घासून सपाटी आणणं हीच तर मोजमापाच्या कारखान्यांचीही मूळ रीत आहे. मग नवं पॅकिंग, हेड, आणि नट कसायचे ते आता उलट्या क्रमानं: मधून बाहेर, तीन फेऱ्यांत. गाडी एकदा तापवून, पूर्ण गार करून, नट पुन्हा कसायचे, कारण तांबं दबून बसतं. शेवटी टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली, फट जुळवायची.

इतकं सगळं वाचल्यावर कोणी म्हणेल, हा शेवटी जुगाडच. या शब्दाला माझा आक्षेप आहे. जुगाडही याच रस्त्यावर होता आणि तो ओळखता येतो. रेडिएटर ठिबकू लागला तर त्यात हळद टाकायची, ती फुगून भोक बुजवते. पेट्रोलच्या टाकीला चीर गेली तर तिच्यावर कपड्याचा साबण थापायचा. या युक्त्या घरापर्यंत पोचवतात, आणि करणाऱ्यालाही त्या तेवढ्यापुरत्याच हव्या असतात. हेड उतरवणं या जातीचं काम नाही. त्याला क्रम आहे, माप आहे, प्रत्येक पायरीमागे कारण आहे, आणि चूक झाली तर ती शंभर किलोमीटरच्या आत उघडी पडते. हळद टाकणाऱ्याला इंजिन कसं चालतं ते माहीत असण्याची गरज नसते. पेन्सिलीच्या जाळीवरून धातूचा उंचवटा वाचणाऱ्याला ते माहीत असावंच लागतं. दोन्हींना एकच नाव दिलं की आपण कारागिराचं ज्ञान त्याच्या नाइलाजाच्या खात्यावर मांडतो, आणि मग ते नाहीसं झालं तरी कोणाला हळहळ वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कामाचा दर्जा. टॉर्क पाना फार थोड्यांकडे होता. बाकीचे हाताच्या अंदाजावर कसत, आणि अंदाज चुकला की तेच पॅकिंग महिन्यात पुन्हा जाई. गाडी तापते म्हटल्यावर थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढून फेकायचा हा जवळजवळ नियम होऊन बसला होता. मुंबई-ठाण्याच्या उकाड्यात त्याचं नुकसान लगेच दिसत नाही, पण इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतंही लवकर. मूळ दुखणं, म्हणजे चोंदलेला रेडिएटर किंवा गेलेली वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), तसंच राहून जाई. जुनं पॅकिंग पातीनं खरवडताना उडणारी ॲसबेस्टॉसची धूळ कोणी नाकाला फडकंही न बांधता आत घेत होतं, आणि हा तंतू फुप्फुसांचे जीवघेणे विकार करतो हे आता सर्वज्ञात आहे. सगळ्यात मोठी किंमत तर दहा-बारा वर्षांच्या पोरांनी मोजली. ‘पोऱ्या, बाराचा पाना आण’ या हाकेवर मोठी झालेली मुलं शाळेबाहेर होती, आणि १९८६ चा बालमजुरीचा कायदा त्यांच्यापर्यंत पोचायला फार वर्षं गेली. हे सगळं खरं आहे आणि त्यावर पांघरूण घालून या हुन्नराचा गौरव करणं मला मान्य नाही. पण यातलं एकही वैगुण्य घरी हेड उतरवता येण्यातून आलेलं नाही. टॉर्क पाना, नाकावरचं फडकं आणि आयटीआयमधली जागा यांनी ती दूर होण्यासारखी होती. ज्यांना ती मिळाली, त्यांचं काम कंपनीच्या वर्कशॉपच्या तोडीचं होई.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण. ज्या स्थैर्याचं मी कौतुक करतो आहे ते परवाना-राजवटीतलं स्थैर्य होतं. ग्राहकाला गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे आणि मिळे ती १९३७ च्या मापाची. इंजिन सुधारलं असतं तर मुळात तापलंच नसतं. मग दुरुस्तीचा हुन्नर म्हणजे मक्तेदारीनं दिलेल्या जखमेवरची पट्टी ठरते. यात तथ्य आहे, ग्राहकानं ती किंमत भरली. पण बंद बाजार हेच हुन्नराचं कारण असतं, तर बाजार उघडल्यावर तो लगेच मरायला हवा होता. तसं घडलं नाही. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली: तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कॅमशाफ्ट वर, टायमिंगला पट्टा. फियाटवर शिकलेल्या हातांना ते सगळं नवीन होतं. तरी काही वर्षांत तेच हात खुणा करून पट्टा सोडवू लागले, कारण तेच इंजिन लाखोंनी रस्त्यावर आलं आणि मूळ घडण कायम ठेवून २०१४ पर्यंत बनत राहिलं.

उलट उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. प्रीमियरचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावर; दिव्याहून अगदीच जवळ. नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्युजोबरोबर भागीदारी करून तिथे प्युजो ३०९ बनू लागली. गाडी तिच्या काळात चांगली, इंजिन पद्मिनीपेक्षा कितीतरी पुढचं. पण कामगारांचे तंटे झाले आणि १९९७ मध्ये प्युजोनं अंग काढून घेतलं. त्यानंतर सुट्या भागांसाठी मालकांची जी वणवण झाली ती सर्वश्रुत आहे. कारखाना रस्त्यालगत असूनही त्या गाडीभोवती मेकॅनिकांची पिढी उभी राहिली नाही. तेवढा अवधीच मिळाला नाही. आज लोकांच्या तोंडी त्या जागेचं नाव राहिलं आहे ते सभा भरणाऱ्या प्रीमियर मैदानामुळे. या दोन उदाहरणांतून मला दिसतं ते असं: हुन्नर बाजार बंद असल्यानं येत नाही की कारखाना शेजारी असल्यानं येत नाही, एकच यंत्र पुरेशा संख्येनं, पुरेशी वर्षं, उघडता येईल अशा घडणीत हाताखाली राहिलं की तो येतो.

आणि जातो तोही याच तीन गोष्टींपैकी एखादी गेली की. आजचं गॅसकेट पोलादाच्या अनेक थरांचं असतं. ते जास्त टिकतं यात वाद नाही, पण त्याला हेडचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत लागतो की काच आणि पॉलिश पेपरनं ते जमत नाही. बरेच बोल्ट आता ताणून कसण्याचे असतात, ठरावीक जोरानंतर ठरावीक अंश फिरवायचे, आणि एकदा सोडले की फेकायचे. हे बदल इंजिनाच्या भल्याचे आहेत. त्यांच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. तक्रार आहे ती माहितीच्या कुलपाबद्दल. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २५०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना न दिल्याबद्दल. दंडाच्या रकमेवर पुढे अपिलं झाली, पण आयोगानं बोट नेमकं ठेवलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडलं आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. जे कुर्ल्याच्या फियाटनं कधी लपवलंच नव्हतं, ते मिळवायला आता हक्काची भाषा लागते आहे. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, एक दिवा तेवढा असतो. काटा चढताना दिसत असे, माणूस वेळीच गाडी बाजूला घेई. दिवा लागतो तोवर बहुधा हेड तापून चुकलेलं असतं.

मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुदत संपून थांबली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी इमारती उभ्या आहेत. पण दिवा-शीळ रस्त्याच्या बाजूनं आणि कल्याण फाट्याच्या अलीकडे-पलीकडे हेड अजून उतरतात. ते आहेत छोट्या हत्तीचे. टाटांचा हा टेम्पो २००५ मध्ये आला, ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं पाण्यावर थंड होणारं डिझेल इंजिन घेऊन, आणि भाजीपासून घरसामानापर्यंत या पट्ट्याचा निम्मा संसार त्यानं वाहिला. वीस वर्षं तोच टेम्पो, तीच घडण, हजारोंच्या संख्येनं. त्याच्या मालकाला दोन दिवस गाडी वर्कशॉपात ठेवणं परवडत नाही आणि त्याच्या मेकॅनिकला मॅन्युअल लागत नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात दोन मोठ्या भोकांची गॅसकेटं खिळ्याला टांगलेली असतात. मागणारा माणूस नाव सांगत नाही, साल सांगत नाही, नुसती दोन बोटं दाखवतो.